डिस्क बदलली तरी गाडीचं नेव्हिगेशन पुन्हा अडकतंय? आधी ते कधी अडकतं ते लिहून ठेवा

तक्रार जवळजवळ याच शब्दांत येते. "डिस्क बदलून घेतली, महिनाभर झकास चाललं, आणि आता परत नकाशा अडकायला लागला." गाडी बहुधा सेकंडहँड, २००८ ते २०१४ च्या दरम्यानची, पुण्या-मुंबईहून सांगलीत आलेली. युनिटच्या पोटात अडीच इंची हार्ड डिस्क असते. नकाशे तिच्यावर, साठवलेली गाणी तिच्यावर, कित्येक युनिटांत खुद्द सिस्टीमसुद्धा तिच्यावरच. चालता चालता नकाशावरचा बाण जागीच थांबतो, मग आवाज जातो, मग युनिट स्वतःच बंद होऊन परत सुरू होतं. मालक गॅरेजमध्ये जातो. तिथे आधीपेक्षा मोठी, आधीपेक्षा महाग डिस्क बसते आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तोच प्रकार.

दुसऱ्यांदा डिस्क विकत घ्यायच्या आधी थांबा. पहिल्यांदा बिघडते ती डिस्कच, यात फारसा वाद नाही. दहा-बारा वर्षं गाडीत फिरलेली डिस्क जाणारच. पण नवी घालूनही तीच तक्रार आली, तर दोष बहुतेक वेळा तिच्या आजूबाजूला असतो: जुनीवरून नवीवर उतरवलेल्या डेटात, कनेक्टरमध्ये, वीजपुरवठ्यात, नाहीतर उष्णतेत. मोट गळकी असताना नाडा बदलून पाणी वर येत नाही.

या चारांतला नेमका कोणता, हे कळायला सुरुवातीला यंत्र लागत नाही, वही लागते. युनिट अडकलं की गाडी बाजूला घेऊन चार गोष्टी लिहायच्या: कुठे होतो, रस्ता कसा होता, गाडी त्याआधी उन्हात उभी होती का, आणि स्टार्टर मारून किती वेळ झाला होता. आठ-दहा नोंदी झाल्या की त्यांतून काहीतरी दिसायला लागतं.

एकाच ठिकाणी अडकत असेल तर

हा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून त्यावर जरा थांबून लिहितो. समजा सांगलीहून पुण्याला जाताना पेठ नाक्यापर्यंत सगळं ठीक चालतं, महामार्गाला लागल्यावरही ठीक, आणि कराडच्या आसपास बाण थांबतो. परत येतानाही कराडलाच. लोक म्हणतात सिग्नल नाही, कुणी म्हणतं टॉवरचा प्रॉब्लेम. पण जीपीएस उपग्रहांवरून येतं, त्याचा मोबाईलच्या टॉवरशी संबंध नाही, आणि कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळ उपग्रह काही दिसेनासे होत नाहीत.

खात्री करायला कराडला जायची गरज नाही. घराच्या दारात गाडी उभी करा, नेव्हिगेशन चालू करा आणि बटणाने नकाशा हाताने सरकवत कराडपर्यंत न्या. झूम आत-बाहेर करा. घरी उभ्या गाडीत, इंजिन बंद असतानाही त्याच जागी अडकलं, तर रस्ता, उष्णता, सिग्नल सगळे सुटले. डिस्कवरच्या त्या भागाच्या डेटात भोक आहे.

हे भोक नव्या डिस्कवर येतं कसं? जुनीवरून नक्कल करताना. जुन्या डिस्कवरचे काही सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे तुकडे, वाचता येत नसतात. नक्कल करणारं सॉफ्टवेअर ते वगळून पुढे जातं आणि नव्या डिस्कवर तिथे शून्यं लिहितं, किंवा काहीच लिहीत नाही. नवी डिस्क शंभर टक्के निरोगी, पण तिच्यावरचा कराडचा नकाशा अर्धवट. अशा वेळी तिसरी डिस्क आणून तीच नक्कल पुन्हा उतरवली तर तिसरीवरही तेच भोक येणार.

उपाय दोन. भोक नकाशाच्या भागात असेल तर नकाशे मूळ डीव्हीडीवरून किंवा यूएसबीवरून पुन्हा इन्स्टॉल करायचे. सगळा विभाग नव्याने लिहिला जातो. भोक सिस्टीमच्या भागात असेल तर हा रस्ता बंद. मग जुन्या डिस्ककडे परत जाऊन जास्त चिकाटीने वाचन करावं लागतं. म्हणून जुनी डिस्क कधीही लगेच फेकू नका, आणि गॅरेजवाल्याकडून ती मागून घ्या. ती तुमची आहे.

खराब रस्त्यावर अडकत असेल तर

गुळगुळीत डांबरीवर तास-दोन तास काही होत नाही आणि शेताकडच्या रस्त्याला वळलं की अडकतं, तर संशय कनेक्टरवर आणि बसवणुकीवर.

मूळ डिस्क बहुधा ९.५ मिलिमीटर जाडीची असते. आजच्या बहुतेक एसएसडी (फिरती तबकडी नसलेल्या डिस्क) ७ मिलिमीटरच्या असतात. अडीच मिलिमीटरचा हा फरक कुणी लक्षात घेत नाही. पातळ डिस्क जुन्या कप्प्यात बसवली की ती स्क्रूवर टिकते खरी, पण कनेक्टरच्या बाजूने किंचित खाली-वर होते, आणि प्रत्येक खड्ड्याला त्या लहानशा सांध्यावर ताण येतो. काही एसएसडींसोबत प्लास्टिकची पातळ चौकट येते ती याचसाठीच असते, ती लावा. डबलटेप लावून भागवू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद पातळ होतो आणि दोन महिन्यांत पकड सुटते.

कप्प्याला रबराचे छोटे बुश असतात. हार्ड डिस्कला हादऱ्यापासून वाचवणारी तीच एक गोष्ट आहे. काढताना ते पडतात, बसवताना "चालतंय" म्हणून तसंच दाबलं जातं. मग हादरा सरळ डिस्कवर जातो. बुश कडक झाले असतील तर बदला, आणि स्क्रू करकचून आवळू नका; बुश दाबून टाकला तर तो असून नसल्यासारखा.

आता सांगलीकरांसाठी खास. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी ज्या भागांत शिरलं, तिथे उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या नंतर साफसूफ होऊन विकल्या गेल्या. काही गाड्यांत नेव्हिगेशनचा डबा डॅशबोर्डमध्ये नसून डिकीच्या बाजूला असतो. गाडी अर्धी बुडाली तरी डिकीतला डबा ओला होतो. वरून सगळं चकचकीत, पण कनेक्टरच्या पिनांवर हिरवट-पांढरा थर. थर असूनही थंडीत जोडणी चालते, हादऱ्यात सुटते, आणि पावसाळ्यात दमट हवेत थर आणखी वाढतो. पिना भिंगाखाली पाहा. थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. पिन खाल्ली गेली असेल तर साफ करून उपयोग नाही, रिबन, म्हणजे जोडणीची चपटी केबलच, बदलायची. डिकीतली गादी उचलून खाली गाळाची रेघ आहे का तेही बघा. असेल तर डिस्कच्या पुढेही बरंच काही तपासावं लागेल.

हार्ड डिस्कच्या झाकणावर हवेचं एक बारीक छिद्र असतं. बहुतेक डिस्कवर त्याशेजारी ते झाकू नका असं छापलेलं असतं. धूळ जाईल या भीतीने लोक त्यावर चिकटपट्टी लावतात. लावू नका. आत गाळणी असते, आणि आतला-बाहेरचा दाब सारखा राहायला ते छिद्र उघडं लागतंच.

दुपारी अडकत असेल तर

एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवशी बंद काचेची गाडी उन्हात तासभर उभी राहिली की डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क ५ ते ५५ किंवा ० ते ६० अंशांपर्यंत चालायला बनवलेली असते. गाडीसाठी बनवलेल्या डिस्क, उदाहरणार्थ तोशिबाची २०० जीबीची एमके२०६०जीएससी, उणे ३० ते ८५ अंशांसाठी असतात आणि मिनिटाला ४,२०० फेरेच फिरतात. हा संथपणा मुद्दाम ठेवलेला आहे, कारण त्याने उष्णता कमी होते आणि हादरा जास्त सोसला जातो. ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांची डिस्क घालून "वेग वाढवणारे" इथे उलटं करतात.

तपासणी सोपी आहे. आठवडाभर गाडी सावलीत लावा, किंवा एसी दहा मिनिटं चालवून मगच नेव्हिगेशन चालू करा. तक्रार गेली तर उष्णता. मग डिस्ककडे जायच्या आधी युनिटच्या पाठीमागे पंखा आहे का पाहा. बऱ्याच युनिटांना छोटा पंखा असतो, आणि तो धुळीने जाम झालेला असतो. पंखा फिरत नसेल तर आत कोणतीही डिस्क घाला, ती भाजणारच.

स्टार्टर मारल्या मारल्या अडकत असेल तर

चावी अर्धी फिरवली, युनिट चालू झालं, डिस्क फिरायला लागली आणि त्याच क्षणी स्टार्टर मारला. बॅटरीचा व्होल्टेज खाली कोसळतो. अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते आणि फिरायला सुरुवात करताना साधारण एक अँपिअर ओढते. युनिटमधला पुरवठा हा झटका सोसायला बनवलेला असतो, पण त्यातले कपॅसिटर म्हातारे झाले की पाच व्होल्ट क्षणभर ढासळतात आणि डिस्क मध्येच थांबते. सेकंडहँड गाडीत बॅटरीही थकलेली असते.

मल्टिमीटर बॅटरीला लावा, कमीत कमी आकडा धरून ठेवणारा पर्याय निवडा आणि स्टार्टर मारा. ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थिंग पाहा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या जवळ आकडा हवा, १२.२ म्हणजे ती निम्मीच भरलेली आहे. बॅटरी ठणठणीत असूनही अडकत असेल तर युनिटचा पुरवठा विभाग दुरुस्तीला द्यायला लागेल. तोवर इंजिन सुरू करून मग युनिट चालू करण्याची सवय ठेवली तर त्रास बराच कमी होतो.

वहीनंतर तीन आकडे

नोंदींवरून अंदाज आला की डिस्क बाहेर काढून तिचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी, वाचा. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून स्मार्टसीटीएल हा प्रोग्राम चालवला की पूर्ण तक्ता येतो. त्यातल्या प्रत्येक ओळीला क्रमांक असतो; तीन क्रमांक महत्त्वाचे.

१९७ म्हणजे वाचता न आलेले, दुरुस्तीची वाट बघत असलेले सेक्टर. हा वाढत असेल तर डिस्कचा पृष्ठभाग खरंच जातोय. १९९ म्हणजे डिस्क आणि युनिट यांच्यातल्या देवाणघेवाणीत आलेल्या चुका. हा वाढत असेल तर रिबन किंवा कनेक्टर. डिस्कला दोष देऊ नका. १९२ म्हणजे काम चालू असताना अचानक वीज गेल्याची मोजणी. काही युनिटं बंद होताना थेट वीज तोडतात, त्यामुळे तिथे हा आकडा रोज थोडा वाढतोच. म्हणून तो १२ क्रमांकाशी, म्हणजे डिस्क किती वेळा चालू झाली त्याच्याशी ताडून पाहा. त्यापेक्षा वेगाने वाढत असेल तर पुरवठा. एसएसडीत क्रमांक वेगळे असू शकतात, तिथे नाव वाचूनच ठरवा.

१९९ कधीच शून्यावर येत नाही, तो आयुष्यभराचा हिशेब असतो. वापरलेली डिस्क घेतली असेल तर तो आधीच्या गाडीत चढलेला असू शकतो. म्हणून बसवायच्या आधी तिन्ही आकडे लिहून ठेवा, पंधरा दिवस गाडी चालवा, पुन्हा काढून वाचा. फरक काय पडला तेवढंच बघायचं. दोनदा डॅशबोर्ड उघडायचा कंटाळा येतो हे मान्य, पण आंधळेपणाने तिसरी डिस्क घेण्यापेक्षा ते परवडतं.

नक्कल करताना

गाडीची डिस्क विंडोजच्या संगणकाला लावू नका. पुष्कळ जर्मन गाड्यांची युनिटं क्यूएनएक्स नावाच्या सिस्टीमवर चालतात, विंडोजला ते विभाग ओळखता येत नाहीत आणि ते "फॉरमॅट करायचं का?" असं विचारतं. एका चुकीच्या होकाराने सगळं जातं. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू हा नक्कल करणारा प्रोग्राम वापरा. पहिल्या फेरीत फक्त सहज वाचता येणारा भाग घ्या, अडलेल्या जागा शेवटच्या फेरीसाठी ठेवा, आणि नोंदफाइल ठेवायला विसरू नका. तिच्यामुळे मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं, आणि शेवटी किती भाग सुटला हेही तीच सांगते. ही नोंदफाइल काम करणाऱ्याकडून मागून घ्या. "क्लोन झालं" या दोन शब्दांवर समाधान मानू नका, किती सेक्टर सुटले ते विचारा. जुन्या डिस्कवर छोटा पंखा सोडून ठेवला तर ती जास्त वेळ तग धरते.

एक वेगळं लक्षण ओळखून ठेवा. स्मार्ट आकडे व्यवस्थित येतात, पण पहिलाच सेक्टर वाचता येत नाही. अशी डिस्क बिघडलेली नसून कुलूपबंद असू शकते. काही युनिटं डिस्कला पासवर्ड लावतात आणि चालू होताना स्वतः उघडतात. लिनक्सच्या एचडीपार्म या प्रोग्रामने दिलेल्या माहितीत सुरक्षा विभाग असतो, तिथे ती लॉक आहे की नाही दिसतं. यूएसबी अडॅप्टरमधून हे नीट दिसत नाही, म्हणून डिस्क थेट संगणकातल्या साटाच्या (डिस्क जोडायच्या) पोर्टला लावा. लॉक निघाली तर प्रयोग थांबवा. चालू युनिटमधून वीज न तोडता डिस्क ओढून काढायच्या युक्त्या फिरत असतात. एका चुकीच्या स्पर्शाने युनिट आणि डिस्क दोन्ही जातात. त्या युनिटचं काम माहीत असलेला माणूसच शोधा.

कोणती डिस्क घ्यावी

माझं मत स्पष्ट आहे: जुनं युनिट साटाचं असेल तर औद्योगिक दर्जाची, उणे ४० ते ८५ अंशांची एसएसडी. साधी एसएसडी बहुधा ७० अंशांपर्यंतच असते. सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीला चालेल, दिवसभर मार्केट यार्डात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला नाही. गाडीसाठीची जुनी हार्ड डिस्क मिळाली तर चांगलीच, पण ती बहुधा दुसऱ्या गाडीतून काढलेली असते. ९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे एकूण चाललेले तास, पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

मोठी घेतल्याने जागा वाढते हा समज सोडा. बीएमडब्ल्यूच्या सीआयसी युनिटमध्ये ८० जीबीची डिस्क येते. तिची नक्कल २४० जीबीच्या एसएसडीवर केली तरी विभाग जुन्याच मापाचे राहतात आणि गाण्यांना तेवढीच जागा मिळते. तरीही मोठी घेण्यात एक फायदा आहे. जुन्या युनिटांना एसएसडीला ट्रिमचा (कोणती जागा मोकळी झाली ते सांगणारा) आदेश देता येत नाही, आणि कधीच न लिहिलेली मोकळी जागा एसएसडी स्वतःच्या झीजभरपाईला वापरते. त्या जागेवर नवा विभाग करायच्या फंदात पडू नका.

आयडीईच्या, म्हणजे साटाच्या आधीच्या जोडणीच्या, जुन्या युनिटला एसएसडी लावायची तर मध्ये रूपांतर करणारी पट्टी येते. म्हणजे आणखी एक सांधा, आणखी एक तापणारी चिप. शिवाय फार जुन्या आयडीई युनिटांना १३७ जीबीच्या पुढचं दिसत नाही. तिथे लहानच घ्या.

डिस्क मोठी झाली म्हणून नकाशे नवे होत नाहीत, हेही सांगायला हवं. जुन्या नकाशात पुणे-बंगळूर महामार्ग अजून एनएच ४ असतो आणि समृद्धी महामार्ग नसतोच. नवा नकाशा वेगळा घ्यावा लागतो, आणि बऱ्याच युनिटांत तो त्या गाडीच्या कोडशिवाय उघडत नाही.

महाबळेश्वरला गेल्यावर अडकतं, उंचीमुळे असेल का, असंही विचारतात. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे, आणि साधी हार्ड डिस्कही ३,००० मीटरपर्यंत चालते. तिथे अडकत असेल तर पसरणी घाटातली वळणं, हादरे आणि तापलेलं इंजिन यांच्याकडे पाहा, नाहीतर नकाशातल्या भोकाकडे. लडाखचा बेत असेल तर मात्र उंचीचा विचार करा. खारदुंगला ५,३०० मीटरच्या वर आहे. विरळ हवेत साध्या डिस्कचं हेड नीट तरंगत नाही. तिथे एसएसडीच हवी.

पुन्हा बसवताना

युनिटच्या मागे नारिंगी किंवा हिरवी ऑप्टिकल फायबर असेल तर तिला २५ मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवू नका, तिच्या टोकाला बोट लावू नका. काम झाल्यावर नकाशा छान दिसतोय पण कुठूनच आवाज येत नाही, असं झालं तर डिस्क परत काढायच्या आधी ही फायबर पाहा. डिसेंबर ते मार्चच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. डिस्कला हात लावायच्या आधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा.

जुनी डिस्क नाव-तारीख लिहून, कागदी पाकिटात, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा ठेवून द्या. त्यानंतर टाकायचीच असेल तर आधी पूर्ण पुसा, किंवा तबकड्या फोडा. तिच्यावर तुमच्या फोनमधली नावं-नंबर आणि घराचा पत्ता असतो, आणि गाडी सेकंडहँड असेल तर आधीच्या मालकाचाही.